सुईवाटे पसरणारा एचआयव्ही, त्याचे व्हेरियंट आणि गणिती मॉडेल्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात साथरोगांची गणिती मॉडेल्स शिकवतो. नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांमध्ये एचआयव्ही कसा पसरतो, यावर बोलायला उभा राहिलो की विद्यार्थी, समुपदेशक, पत्रकार आणि कधीकधी एखाद्या मुलाची आई, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, पण विषयच तसा आहे.

एचआयव्हीचे व्हेरियंट म्हणजे कोविडसारखेच का?

कल्पना तीच, पण पसारा फार मोठा. कोविडचे व्हेरियंट एकामागून एक आले आणि आधीच्यांना हटवत गेले. एचआयव्हीत मात्र वेगवेगळी घराणी गेली कित्येक दशकं शेजारी शेजारी नांदत आहेत. जगातली बहुतेक लागण एचआयव्ही-1 च्या 'एम' गटाची असते. या गटाचे ए, बी, सी, डी असे उपप्रकार आहेत. भारतात, आणि अर्थातच महाराष्ट्रात, बहुतांश 'सी' आढळतो. अमेरिका आणि पश्चिम युरोपात 'बी', तर रशिया-युक्रेनच्या पट्ट्यात 'ए'ची एक शाखा.

याखेरीज संकरित प्रकार असतात. एकाच माणसाला दोन वेगवेगळ्या उपप्रकारांची लागण झाली आणि दोन्ही विषाणू एकाच पेशीत शिरले, तर नवी नक्कल तयार होताना अर्धा मजकूर याचा, अर्धा त्याचा असं होऊ शकतं. दोन जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तसं. अशी गोधडी एकमेकांशी थेट संबंध नसलेल्या किमान तीन जणांत सापडली, की तिला 'सीआरएफ' म्हणून क्रमांक मिळतो. सीआरएफ01_एई, सीआरएफ07_बीसी ही नावं त्यातलीच. आज अशा क्रमांकांनी शंभरी ओलांडली आहे.

सुई वाटून घेणाऱ्यांमध्ये संकर जास्त का दिसतात, याचं उत्तर यातच आहे. एकाच माणसाच्या रक्तात थोड्या अवधीत दोन-तीन ठिकाणचे विषाणू यायची शक्यता तिथे जास्त असते.

विषाणूच्या जनुकांवरून तो कुठून कुठे गेला, हे कसं कळतं?

जुन्या पोथ्यांच्या नकला आठवा. एका लेखनिकाकडून एखादी ओळ चुकली, की त्याच्या प्रतीवरून उतरवलेल्या प्रत्येक पोथीत ती चूक येते. पाठभेद समोर ठेवले की कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून आली हे लावता येतं, मग मूळ पोथी हरवलेली का असेना.

एचआयव्ही हा फार चुका करणारा लेखनिक आहे. त्याचा सगळा मजकूर जेमतेम 9,700 अक्षरांचा. उपचार न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात, आणि नकला करणाऱ्या एन्झाइमला मागे वळून तपासायची सवय नाही. त्यामुळे वर्षाला साधारण हजारात एक ते काही अक्षरं बदलतात. दोन माणसांच्या विषाणूंमधला फरक अगदी थोडा असेल, तर त्यांचा समान पूर्वज अलीकडचा. अशा शेकडो नमुन्यांवरून वंशवृक्ष काढतात. फांद्या कुठे फुटल्या यावरून साथ केव्हा सुरू झाली आणि कधी भडकली याचा अंदाज बांधतात. या शाखेला 2004 पासून 'फायलोडायनॅमिक्स' असं नाव आहे.

नमुने बहुधा 'पोल' या जनुकाचे असतात. कारण अगदी व्यवहारी आहे. औषधांना दाद न देणारे बदल याच भागात शोधतात, त्यामुळे त्याचं वाचन अनेक देशांत दवाखान्यातच झालेलं असतं.

नशेची इंजेक्शनं घेणाऱ्यांचा वेगळा अभ्यास कशासाठी? लागण ती लागणच.

वेगासाठी. मणिपूरचंच बघा. सप्टेंबर 1989 पर्यंत तिथे इंजेक्शन घेणाऱ्यांच्या तपासण्यांत एकही एचआयव्हीबाधित सापडला नव्हता. पुढच्या सहाच महिन्यांत हे प्रमाण निम्म्यावर गेलं. बँकॉकमध्ये 1988 साली असंच घडलं. वर्षाच्या सुरुवातीला एखादा टक्का, आणि त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तीसच्या वर. लैंगिक मार्गाने पसरणाऱ्या साथीला एवढं अंतर कापायला कित्येक वर्षं लागतात.

हे कसं होतं ते आकड्यांत बघू. बाधित माणसाने वापरलेली सुई एकदा वापरली, तर लागण होण्याची सरासरी शक्यता साधारण 0.63 टक्के मानतात. ऐकायला किरकोळ वाटते. पण दिवसाला एकदा या हिशेबाने शंभर दिवस हेच चाललं, तर एकूण शक्यता 47 टक्क्यांवर जाते. आता दुसरी गोष्ट. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे रक्तात विषाणू प्रचंड असतो, मिलिलिटरमागे लाखो प्रती. त्या काळात धोका दहापट धरला (हे माझं समजावण्यापुरतं गृहीतक आहे), तर तीच 47 टक्क्यांच्या आसपासची शक्यता दहा दिवसांत गाठली जाते. आणि त्या दहा दिवसांत त्या माणसाला स्वतःलाही काही कळलेलं नसतं. फार तर ताप येऊन गेलेला असतो. त्याच्या तपासणीतही कदाचित अजून काही दिसणार नाही.

म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे, आणि दुसरा अजून 'नवा' असतानाच तिसऱ्याकडे. ठिणगी विझायच्या आत पुढची काडी पेटते.

मणिपूरमध्ये आलेला विषाणू कुठून आला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण इथे नकाशा आणि वंशवृक्ष एकमेकांवर बसतात.

इंफाळहून सुमारे 110 किलोमीटरवर मोरे हे सीमेवरचं गाव आहे, पलीकडे म्यानमारमधलं तामू. म्यानमारच्या डोंगरांतून येणारं शुद्ध हेरॉइन तिकडे 'नंबर फोर' या नावाने ओळखलं जातं. ते पाण्यात सहज विरघळतं, म्हणून ओढण्याऐवजी टोचून घेण्याकडे कल झाला. मिझोराम-नागालँडमध्ये स्पास्मोप्रॉक्सिव्हॉन या वेदनाशामक कॅप्सूलची भुकटी पाण्यात कालवून टोचली जायची. तिने शिरा बंद पडायच्या, गळवं व्हायची, हातपाय गमावायची वेळ यायची.

म्यानमारच्या दुसऱ्या बाजूला चीनचा युन्नान प्रांत. तिथल्या रुईली या सीमेवरच्या गावात 1989 साली इंजेक्शन घेणाऱ्या 146 जणांना लागण झाल्याचं आढळलं. मणिपूर आणि रुईली, एकाच वर्षी, एकाच देशाच्या दोन कडांना. पुढे नमुने वाचले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. थायलंडकडून आलेला 'बी' आणि भारताकडून गेलेला 'सी' या पट्ट्यात एकमेकांना भेटले होते आणि त्यांच्यापासून बी-सी संकर तयार झाले होते. त्यातला सीआरएफ07_बीसी उत्तरेकडे पार शिनजियांगपर्यंत गेला, तर सीआरएफ08_बीसी पूर्वेला ग्वांग्शीकडे. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हेरॉइनच्या वाहतुकीचे रस्ते आणि हे विषाणू एकाच नकाशावर मांडले, तेव्हा दोन्ही रेषा जुळल्या.

चेन्नई, मुंबई, पुण्यात मुख्यतः लैंगिक मार्गाने पसरलेल्या 'सी'चा एक धागा असा चीनच्या वाळवंटी प्रांतातल्या संकरापर्यंत जातो. वर्गात हा नकाशा लावला की मुलं गप्प होतात.

एखादा व्हेरियंट खूप पसरला, म्हणजे तो जास्त ताकदवान का?

बहुतेक वेळा नाही, आणि या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. इंजेक्शन घेणाऱ्यांच्या साथीत जो विषाणू योग्य वेळी योग्य टोळक्यात पहिला पोचतो, तो पसरतो. याला संस्थापक परिणाम म्हणतात.

थायलंडमध्ये सुरुवातीला दोन वेगळ्या साथी दिसल्या. सुई वापरणाऱ्यांत 'बी', आणि वेश्याव्यवसायाच्या आसपास सीआरएफ01_एई. तेव्हा काहींनी तर्क लढवला की हा एई लैंगिक मार्गालाच जास्त मानवतो. मग 1998 मध्ये फिनलंडमध्ये, हेलसिंकीत, इंजेक्शन घेणाऱ्यांत साथ आली, आणि तिथे पसरलेला विषाणू होता हाच सीआरएफ01_एई. तीच शाखा पुढे स्टॉकहोमच्या इंजेक्शन घेणाऱ्यांत पोचली. विषाणूला मार्गाची आवडनिवड नव्हती. जो रस्ता उघडा मिळाला तो त्याने धरला.

रशियातलं कालिनिनग्राड हे आणखी ठळक उदाहरण. 1996 मध्ये तिथे साथ भडकली, आणि जवळजवळ सगळ्यांत एकच संकर सापडला, सीआरएफ03_एबी. त्याचे आईबाप असलेले 'ए' आणि 'बी' युक्रेनमधल्या इंजेक्शन घेणाऱ्यांत आधीच होते. कुठेतरी एका शरीरात संकर झाला, त्याची एक प्रत कालिनिनग्राडला पोचली, आणि सुया वाटून घेण्याची पद्धत तिथे तयारच होती.

अपवाद असतात. नेदरलँड्समध्ये 2022 साली जाहीर झालेला 'व्हीबी' हा व्हेरियंट खरोखर जहाल निघाला. रक्तातलं विषाणूंचं प्रमाण इतरांच्या साडेतीन ते साडेपाच पट, आणि सीडी4 पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या ज्या पेशींवर एचआयव्ही हल्ला करतो त्या, घटण्याचा वेग दुप्पट. तो मुख्यतः समलैंगिक पुरुषांत सापडला आणि नेहमीच्या औषधांना व्यवस्थित दाद देतो. पण असा दावा करायला लोकांची वयं, लागणीचा काळ, उपचार हे सगळं बाजूला काढून मग तुलना करावी लागते. नुसतं 'वाढला म्हणजे वाईट' म्हणून भागत नाही.

मॉडेल म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात करता काय?

चार तऱ्हा सांगतो.

सगळ्यात साधी तऱ्हा कप्प्यांची. लोकांना निरोगी, नुकतीच लागण झालेले, जुनी लागण असलेले, उपचारावर असलेले असं वाटायचं आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याचे वेग समीकरणांत घालायचे. कागद-पेन्सिलीवर होतं, आणि पहिला अंदाज यायला पुरतं.

दुसरी माझी लाडकी. रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला. पुढे त्यांनीच डास आणि माणूस या दोघांचा हिशेब एकत्र मांडणारं गणित बसवलं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतले एडवर्ड कॅप्लन यांनी हेच गणित घेऊन डासाच्या जागी सुई ठेवली. सुई माणसाकडून दूषित होते, माणूस सुईकडून. मग प्रश्न असा होतो की एक सुई किती दिवस फिरते आणि किती हातांतून जाते. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात 1990 मध्ये सुया बदलून देण्याचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रत्येक सुईवर क्रमांक घातला होता. परत आलेल्या सुया तपासल्या आणि त्या किती दिवस बाहेर होत्या हे मोजलं. कोणाला 'तुम्ही किती वेळा वाटून घेता' असं विचारायचं कामच नव्हतं. सुयांनीच साक्ष दिली. नवी लागण साधारण एक-तृतीयांशाने घटली असावी, असा हिशेब निघाला.

तिसरी तऱ्हा जाळ्याची. संगणकात हजार-दोन हजार काल्पनिक माणसं ठेवायची, कोण कोणाबरोबर घेतं ते जोडायचं, आणि रोजचा दिवस चालवायचा.

चौथी वंशवृक्षाची. मॉडेलमधून जी साथ निघते, तिच्यातून विषाणूचा वृक्ष कसा दिसला असता ते काढायचं आणि प्रत्यक्षातल्या वृक्षाशी ताडून बघायचं. व्हेरियंटचा प्रश्न असतो तेव्हा तिसरी आणि चौथी जोडून वापरावी लागते.

सगळ्या सुया सारख्याच धोक्याच्या का?

नाहीत. वर्गात मी हे दाखवतो. दोन सिरिंज घेतो. एक एक मिलिलिटरची, सुई पक्की बसवलेली, मधुमेहाचे रुग्ण इन्शुलिनला वापरतात तशी. दुसरी, सुई काढता येणारी. दोन्हींत लाल शाई भरायची आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबायचा. पहिली रिकामी दिसते. दुसरीत दट्ट्याच्या टोकापासून सुईच्या बुडापर्यंत शाईचा एक ठसठशीत लाल मणी अडकून राहतो. दट्ट्या कितीही दाबा, तो जात नाही.

मोजणीत हा मणी सरासरी 84 मायक्रोलिटर भरला, आणि पक्क्या सुईच्या सिरिंजमध्ये राहिलं फक्त 2. त्या जागी रक्तद्रव आहे आणि मिलिलिटरमागे एक लाख विषाणूप्रती आहेत असं धरा. एकीत 8,400 प्रती मागे राहतील, दुसरीत 200. धुतल्यावर हा फरक आणखी वाढतो. म्हणून मॉडेलमध्ये 'सुई वाटून घेतली' एवढी एकच नोंद पुरत नाही, कुठली सिरिंज हेही लागतं. कार्यक्रमात कुठल्या सिरिंज खरेदी करायच्या, हा निर्णय वरकरणी भांडार विभागाचा वाटतो. साथीवर त्याचा मोठा परिणाम होतो.

सुईत विषाणू किती काळ जिवंत राहतो?

प्रयोगशाळेत खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या सिरिंजमध्ये तो सहा आठवड्यांपर्यंत जिवंत सापडला आहे. उष्ण हवेत लवकर मरतो. 'रक्त वाळलं म्हणजे संपलं' हा समज सिरिंजच्या बंद पोकळीला लागू होत नाही.

कोण कोणाबरोबर घेतं, याला एवढं महत्त्व कशासाठी? सरासरी काढली तर?

मीही आधी सरासरीच काढत असे. मग मुंबईत एका डीआयसीत, म्हणजे इंजेक्शन घेणाऱ्यांसाठीच्या विसावा केंद्रात, एका पीअर एज्युकेटरने, म्हणजे त्याच वस्तीतून आलेल्या कार्यकर्त्याने, माझ्या वहीत चित्र काढून दिलं. चौघं कॉन्ट्री काढून एक पुडी घेतात. ती एकाच झाकणात विरघळवतात. ज्याचे पैसे जास्त, तो आधी आपल्या सिरिंजमध्ये ओढून घेतो. ज्याने फक्त जागा दाखवली, तो शेवटी. त्याने बाणांवर 1, 2, 3, 4 असे आकडे घातले आणि चौथ्याभोवती दोनदा गोल केला. माझ्या समीकरणात चौघांना समान धोका होता. त्याच्या चित्रात पहिल्याला जवळजवळ नव्हता आणि चौथ्याच्या वाट्याला सगळ्यांचा आला होता. त्या दिवशी मी मॉडेल बदललं.

जाळ्याचा मोठा पुरावा दिल्लीचा आहे. तिथे इंजेक्शन घेणाऱ्या 2,512 जणांचा माग ठेवला गेला. कोण कोणाबरोबर घेतं आणि कुठे बसून घेतं, दोन्ही नोंदलं. नवी लागण दरसाल शंभरात 21.3 इतकी भयंकर होती. जाळ्यात सात समूह निघाले, आणि लागण त्यांतल्या एकात एकवटली होती. पण लागणीशी सर्वांत घट्ट नातं असलेली जी एक जागा होती, तिथे सातपैकी सहा समूहांची माणसं येत होती. त्या एकाच ठिकाणी स्वच्छ सुया, तपासणी आणि औषधं पोचवली, तर बहुतेकांपर्यंत पोचता आलं असतं. सरासरीतून ही जागा कधीच दिसली नसती.

मॉडेलचा खरंच काही उपयोग होतो का, की सगळं पश्चातबुद्धीचं?

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं स्कॉट काउंटीचं उदाहरण सांगतो, आणि ते ऐकून मला अजूनही वाईट वाटतं. ऑस्टिन नावाचं चार हजार वस्तीचं गाव. लोक ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामक गोळ्या विरघळवून टोचून घेत होते. नोव्हेंबर 2014 ते नोव्हेंबर 2015 या काळात 181 जणांना एचआयव्हीचं निदान झालं. 159 जणांच्या विषाणूंचं वाचन झालं, त्यातले 157 एकमेकांचे सख्खे निघाले. म्हणजे एकच प्रवेश, आणि नंतर वणवा. त्या 181 जणांपैकी 92 टक्के लोकांना हिपॅटायटिस सी होता. तो सुईवाटे एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो, त्यामुळे त्याची वाढ ही एचआयव्ही येण्याआधीची घंटा असते. ती वाजत होती.

राज्यात तेव्हा सुया बदलून द्यायला कायद्याने बंदी होती. मार्च 2015 च्या अखेरीस आणीबाणी जाहीर झाल्यावर परवानगी मिळाली. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॉडेलने हिशेब केला की हाच प्रतिसाद 2013 मध्ये दिला असता तर एकूण लागण 56 च्या आत राहिली असती, आणि 2011 मध्ये दिला असता तर दहाच्या आत. हो, हे सगळं नंतरचं शहाणपण आहे. पण त्यातून 'थोडा उशीर झाला तर काय बिघडतं' या प्रश्नाला माणसांच्या संख्येत उत्तर मिळतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात तर नवे नमुने येतील तसे आपोआप वृक्षात बसवून, वाढणारा गट दिसताच आरोग्य पथकं तिकडे पाठवल्याचं उदाहरण आहे.

त्याच स्कॉट काउंटीने 2021 मध्ये सुया बदलण्याचं केंद्र बंद करायचं ठरवलं.

साथ वेगात असताना विषाणू हळू बदलतो, हे कसं शक्य आहे?

उलटं वाटतं, पण पूर्वीच्या सोव्हिएत देशांतल्या सुईवाटे पसरलेल्या 'ए'मध्ये तसं दिसलं आहे. विषाणू बदलतो त्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती. ती मागे लागते म्हणून तो वेश पालटतो. ही पाठशिवणी रंगात यायला काही महिने जातात. विषाणू त्याआधीच पुढच्या माणसात गेला तर वेश पालटायची गरजच पडत नाही.

मॉडेल करणाऱ्यांसाठी याचा अर्थ असा की 'वर्षाला इतके बदल' हे घड्याळ सगळीकडे सारखं धरू नये. लैंगिक साथीवरून लावलेलं घड्याळ सुईच्या साथीला लावलं, तर सुरुवातीची तारीख चुकते.

मॉडेल सगळ्यात जास्त कुठे चुकतं?

जी माणसं आपल्याकडे येतच नाहीत, तिथे. नमुना त्याचाच वाचला जातो जो तपासणीला आला, एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, नाव घातलं, रक्त दिलं. पुलाखाली राहणारा, आधारकार्ड नसलेला, पोलिसांच्या भीतीने जागा बदलणारा माणूस वृक्षात नसतो. बायका तर जवळजवळ अदृश्यच असतात. वृक्षात दोन माणसं शेजारी दिसतात, पण त्यांच्या मधला तिसरा हाच खरा दुवा असू शकतो.

दुसरं म्हणजे एकच वृक्ष दोन वेगळ्या गोष्टींतून उगवू शकतो. एकाने दहा जणांना दिला, किंवा एकापाठोपाठ एक अशी दहा जणांची साखळी झाली आणि ती फार झपाट्याने झाली. या दोन्हींत फांद्या इतक्या आखूड असतात की फरक सांगणं अवघड जातं.

मग या वृक्षावरून 'याने त्याला दिला' असं सांगता येतं का?

नाही. आणि कोणी सांगत असेल तर त्याला थांबवा. मधला अज्ञात दुवा, दोघांना तिसऱ्याकडून झालेली लागण, दिशा चुकणे, हे सगळं शक्य असतं. गटाची चाल सांगण्यासाठी हे शास्त्र आहे, एका माणसावर बोट ठेवण्यासाठी नाही. असे नमुने पोलिसांच्या हाती लागतील अशी शंका जरी आली, तरी लोक तपासणीला यायचे बंद होतील, आणि ते बरोबरच करतील. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध आणि नियंत्रण) कायदा, 2017 हा सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. व्यक्तीची माहिती गुप्त ठेवण्याचं बंधन त्यात आहे.

स्वच्छ सुया वाटल्या तर नशा वाढणार नाही का?

वाढत नाही. ठिकठिकाणच्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट सुई घ्यायला आलेला माणूस पुढे उपचारापर्यंत पोचतो. ओएसटी, म्हणजे नशेच्या जागी दिलं जाणारं औषध, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी किंवा मेथाडोन, यामुळे इंजेक्शन घेणाऱ्यांना एचआयव्ही होण्याचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो. कारण सोपं आहे. टर्की लागलेला, म्हणजे नशा न मिळाल्याने तळमळणारा, अंग मोडून आलेला माणूस समोर येईल ती सुई उचलतो. त्याला टर्की लागूच दिली नाही, तर त्याला निवड करायला अवकाश मिळतो.

इंफाळमध्ये पूर्वी नशा करणाऱ्यांनीच 1991 मध्ये 'सासो' ही संस्था उभी केली आणि रस्त्यावर उतरून हे काम केलं. आपल्या 2017 च्या कायद्यातल्या कलम 22 मुळे लागणीचा धोका कमी करणाऱ्या अशा उपायांना गुन्हा ठरवता येत नाही. वस्तीतल्या पोलीस चौकीला हे कलम माहीत असतंच असं नाही. कार्यकर्त्यांनी त्याची छापील प्रत खिशात ठेवावी.

महाराष्ट्रात हा प्रश्न आहे का?

आहे, पण इथल्या साथीचं मूळ मुख्यतः लैंगिक आहे. मुंबईत ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, बरेच जण पन्नीवर ओढतात. काही जण पुढे टोचून घेऊ लागतात. देशात सर्वसाधारण प्रौढांत एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास असताना, 2021 च्या राष्ट्रीय पाहणीत इंजेक्शन घेणाऱ्यांत ते सुमारे 9 टक्के आढळलं. ईशान्येकडची राज्यं, पंजाब आणि दिल्लीसारखी शहरं यांत पुढे आहेत. ओढणाऱ्यांचा गट टोचण्याकडे वळतो, तो क्षण आपल्याकडच्या मॉडेलने धरायला हवा. भावात किंवा मालाच्या दर्जात बदल झाला की हे वळण काही महिन्यांत येतं.

पुण्यात भोसरीला एचआयव्हीवर काम करणारी राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, बराच काळ 'नारी' या नावाने ओळखली गेलेली. या क्षेत्रात यायचं असेल तर फार लांब जायला नको.

व्हेरियंटप्रमाणे औषधं बदलतात का?

आपल्याकडे रोजच्या गोळीच्या बाबतीत नाही. डोल्युटेग्राविर असलेली सध्याची गोळी सगळ्या उपप्रकारांवर चालते आणि एआरटी केंद्रात मोफत मिळते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या कॅबोटेग्राविरच्या इंजेक्शनबाबत मात्र, रशियाकडच्या 'ए'च्या शाखेत इतर काही कारणं जोडीला असतील तर अपयशाची शक्यता वाढते असं दिसलं आहे. उपप्रकाराची नोंद ठेवायचं हे एक चांगलं कारण. गोळी नियमित घेऊन रक्तातला विषाणू दिसेनासा झाला की शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही. सुईवाटेही धोका खूप घटतो, पण स्वच्छ सुई तरीही हवीच.

तुम्ही 'गर्दुल्ला' हा शब्द का वापरत नाही?

कारण तो शब्द ऐकून माणूस केंद्राच्या दारातून परत गेलेला मी पाहिला आहे.

मी किंवा माझ्या ओळखीच्या कोणी दुसऱ्याची सुई वापरली आहे. आता काय?

72 तास उलटले नसतील तर आत्ता, या क्षणी, जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा एआरटी केंद्रात जा आणि 'पीईपी'बद्दल, म्हणजे संपर्क झाल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायच्या औषधाबद्दल, विचारा. 28 दिवसांचं औषध असतं, आणि जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं, पहिल्या काही तासांत झालं तर उत्तम. 72 तास उलटून गेले असले तरी तपासणी करून घ्या आणि पुन्हा केव्हा यायचं ते समुपदेशकाला विचारा. पहिल्या काही आठवड्यांत निकाल निगेटिव्ह आला तरी लागण नाही असं धरता येत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी याही तपासण्या त्याच वेळी करायला सांगा. कुठे जायचं कळत नसेल तर 1097 या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.